चढणीवर एफआय गाडीचा दम जातो, चेक लाईट नाही: पंप बदलू का?

साखळीकर१५०

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, सिंगल सिलिंडर, एफआय (पेट्रोल इंजेक्टरने फवारणारी), २०२१ चं बीएस-६ मॉडेल, ३८,००० किलोमीटर झालेली. रोज साखळी ते पणजी आणि आठवड्यातून एकदा चोर्ला घाट. जुलैपासून पुढचा त्रास सुरू आहे.

सकाळी एका सेलला चालू होते, आयडल १,४०० वर स्थिर. वीस-पंचवीस मिनिटं चालून केरीहून घाट लागला, की तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलेटर दिल्यावर गाडी ओढायचं सोडते, दचके देते. मूठ अर्ध्यावर आणली की पुन्हा ओढते. सपाटीला पन्नास-पंचावन्नपर्यंत कसलीच तक्रार नाही. दोनदा चढणीवर बंदच पडली. दोन मिनिटं थांबून चावी बंद-चालू केली तेव्हा सुरू झाली. चेक लाईट एकदाही पेटलेला नाही.

आतापर्यंत प्लग नवा, एअर फिल्टर नवा, टाकीत इंजेक्टर क्लीनरची एक बाटली. फरक शून्य. गॅरेजवाला म्हणतो पंप गेला, अख्खं मॉड्यूल (टाकीतला पंप, जाळी असा सगळा संच) बदला, साडेसहा हजार. चवथीआधी गाडी हवी आहे, पण पैसे घालूनही त्रास तसाच राहिला तर? पंपच गेलाय हे घरी कसं ठरवायचं? मल्टिमीटर आहे, प्रेशर गेज नाही.

दहाबाराचा_पाना

बाब, वर्णन नीट दिलंत, निम्मं काम झालं.

आधी गाडी कशी मरते ते बघा. करंट तुटला, म्हणजे साइड स्टँडचा स्विच, किल स्विच, पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर किंवा इग्निशनची वायर असं काही असेल, तर गाडी बटण दाबल्यासारखी एका क्षणात मरते. खड्ड्यात आपटली की हमखास. पेट्रोल कमी पडलं तर आधी दम लागतो, मग दचके, मग मरण. मूठ सोडली की पुन्हा जीव येतो. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे.

चेक लाईट का पेटत नाही, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. तुमच्या वर्गातल्या गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो. पंप ठरलेलं प्रेशर देतोय असं ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) धरून चालतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा तेवढंच ठरवतो. पंपाची तार तुटली किंवा इंजेक्टरचा कपलर (वायरींचा जोड) निघाला तर बऱ्याच गाड्यांत दोषाचा कोड येऊन लाईट पेटतो. पंप नुसता अशक्त झाला तर ईसीयूला कळायला मार्ग नाही.

आता अर्ध्या मुठीत ठीक आणि पूर्ण मुठीत का नाही? इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. होंडाच्या बऱ्याच गाड्यांचं प्रेशर २९४ किलोपास्कल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत तीन किलो किंवा ४३ पीएसआय. यामाहाच्या छोट्या गाड्यांचं २५०. समजा २९४ चं १८० झालं, तर पेट्रोल साधारण २२ टक्के कमी जातं. हलक्या मुठीत सायलेन्सरमधला ओटू (ऑक्सिजन) सेन्सर हे ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून तूट झाकतो. पूर्ण मूठ दिली की ईसीयू ओटूचं ऐकणं सोडून आपल्या ठरलेल्या तक्त्यावर जातो. तिथे तूट झाकणारं कोणी नाही, म्हणून गाडी फक्त चढणीवर बसते. तुमचं वर्णन याच्याशी अगदी जुळतंय.

पण कमी प्रेशर म्हणजे पंप गेला असं नाही. पंपाला व्होल्टेज कमी मिळत असेल, पंपाखालची जाळी तुंबली असेल, टाकीच्या आतला होज फाटला असेल, रेग्युलेटर (प्रेशर ठरलेल्या आकड्यावर धरणारा) गळत असेल, किंवा टाकीत हवाच शिरत नसेल. या पाचही ठिकाणी लक्षण एकच. त्यातली दोन तपासायला पैसाही लागत नाही:

१) चावी ऑन करा, किल स्विच ऑन. सीटखालून किंवा टाकीतून दोन-तीन सेकंद "ऊंऽऽ" असा आवाज येऊन थांबला पाहिजे. थंड असताना ऐका आणि घाटात बंद पडल्यावर तिथेच पुन्हा ऐका. गरम असताना आवाज बारीक, खोल किंवा रडका झाला तर संशय पंपावर किंवा त्याच्या करंटवर. आवाजच नसेल तर आधी फ्यूज आणि रिले.

२) दचके सुरू झाले की सुरक्षित जागी थांबून टाकीचं झाकण उघडा. "स्सू" करून हवा आत ओढली गेली आणि लगेच गाडी ओढायला लागली, तर टाकीचा श्वास कोंडलाय. बीएस-६ गाड्यांत टाकीची हवा कोळशाच्या डब्यातून (कॅनिस्टर) जाते-येते. टाकी काठोकाठ भरायची सवय असेल तर तो पेट्रोलने भिजून बसतो. पावसात खालच्या नळीच्या तोंडाशी लाल चिखल बसला तरी तेच. कुंभारीण माशीने नळीत घर केलेलंही आढळतं, विशेषतः गाडी आठवडाभर उभी असेल तर.

इंजेक्टर तुंबलेला असता तर त्रास थंड-गरम दोन्हीत सारखा दिसला असता. तो शेवटी बघा. आणि क्लीनरच्या बाटल्या आणखी ओतू नका. जाळीत माती किंवा पाणी असेल तर त्याला बाटली काही करत नाही.

वास्को_वायरमन

पाना यांनी म्हटलेल्या पाचातलं पहिलं मी पकडतो. गोव्यात, त्यातून किनारपट्टीला, अर्ध्या केसेस तिथेच संपतात. खारी हवा आणि चार महिने पाऊस. पंपाचा कपलर टाकीखाली लटकलेला असतो, त्यातल्या पिना हिरव्या पडतात.

लोक इथे दोन चुका करतात. पहिली, चाचणी दिवा लावून "करंट येतोय" म्हणून मोकळे होतात. दिवा दहा व्होल्टलाही पेटतो. दुसरी, पंप बंद ठेवून ओहम मोजतात. पंप अडीच अँपिअर ओढतोय असं धरा. जो जोड त्या प्रवाहात ३ व्होल्ट खातो, त्याचा रोध जेमतेम १.२ ओहम. स्वस्त मीटरच्या लीडच ०.३ ते ०.५ दाखवतात, त्यात हा चोर लपून जातो. म्हणून पंप चालू ठेवूनच मोजायचं.

पद्धत अशी. कपलर काढायचा नाही, जोडलेलाच ठेवायचा. वायरीच्या बाजूने दोन टाचण्या रबराच्या सीलमधून आत सरकवा, एक पंपाच्या प्लसला, एक मायनसला. टाचण्या एकमेकींना किंवा चॅसीला लागू देऊ नका, मध्ये टेप लावा. त्याच कपलरमधून पेट्रोल गेजच्या तारा पण जातात, तेव्हा कुठली तार कुणाची ते सर्किट डायग्रामवरून बघून घ्या. नाहीतर जी तार चावी ऑन केल्यावर फक्त दोन-तीन सेकंद १२ व्होल्ट दाखवते ती पंपाची प्लस.

इंजिन चालू करून रिडिंग घ्या, कारण चालू इंजिनात पंप सतत फिरतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर:

बॅटरीच्या दोन टोकांत: ३,००० आरपीएमला साधारण १३.५ ते १४.५.
पंपाच्या दोन टाचण्यांत: बॅटरीपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्टहून जास्त कमी नको.
बॅटरी प्लस ते पंप प्लस: ०.५ च्या आत.
बॅटरी मायनस ते पंप मायनस: ०.२ च्या आत.

शेवटच्या दोन आकड्यांवरून चोर कुठल्या बाजूला आहे ते कळतं. प्लसच्या बाजूला गेला तर फ्यूजची पकड, रिलेचे पॉइंट, किल स्विच. मायनसच्या बाजूला गेला तर कपलरची पिन किंवा चॅसीवरचा अर्थ (अर्थिंगचा जोड).

हे सगळं दोनदा करा, थंड असताना एकदा आणि त्रास सुरू झाल्यावर एकदा. गंजलेला जोड स्वतःच तापतो आणि तापला की आणखी खातो. तुमच्या वीस मिनिटांचं गणित त्यातही बसतं.

बॅटरी पण बघून घ्या. रात्रभर उभी राहिल्यावर १२.५ च्या आसपास आणि सेल मारताना ९.६ च्या खाली नको.

घाटरायडर_फोंडा

एवढं कशाला? टी-जॉइंटचं प्रेशर गेज लावायचं, टेपने टाकीवर चिकटवायचं आणि घाट चढायचा. काटा खाली आला की पंप गेला. पाच मिनिटांत निकाल.

दहाबाराचा_पाना

घाटरायडर, हे कुणी करू नये. तीन किलो प्रेशरची पेट्रोलची नळी गरम इंजिनावरून वर आणायची आणि तिचा जोड मांडीजवळ ठेवून घाट चढायचा? क्लिप सुटली तर फवारा थेट सायलेन्सरवर. आणि काटा खाली आला तरी पंप गेला हे सिद्ध होत नाही, हे वर लिहिलंच आहे. चालत्या गाडीवर व्होल्टेज मोजा. त्याच टाचण्यांना लांब वायर जोडून मीटर मागे बसलेल्याच्या हातात द्या. प्रेशर उभ्या गाडीवरच मोजायचं.

गेज मिळालं तर क्रम असा. गाडी उघड्यावर घ्या, चुलीपासून, समईपासून, इन्व्हर्टरपासून लांब. जवळ पावडरचा अग्निशामक ठेवा, डोळ्यांना चष्मा. पंपाचा कपलर काढून इंजिन चालू करा आणि आपोआप बंद पडू द्या, मग तीन-चार सेकंद सेल मारा. लाइनमधलं प्रेशर गेलं. चावी बंद. इंजेक्टरकडच्या जोडाभोवती सुती कापड गुंडाळून क्विक कनेक्टर सोडवा, मध्ये टी लावा, कपलर परत जोडा, चावी ऑन करून गळती बघा. गळती नसेल तरच इंजिन चालू.

वाचायचं काय, तर पहिलं, चावी ऑन करताच काटा कुठे जातो. थंड असतानाच कमी आणि तिथेच स्थिर, तर रेग्युलेटर किंवा टाकीतला होज. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर घसरतो, तर व्होल्टेज, जाळी किंवा पंप. काटा ठरलेल्या आकड्याच्या बराच वर असेल तर रेग्युलेटर अडकलाय. तिथे लक्षण उलटं असतं, काळा प्लग, पेट्रोलचा वास, मायलेज ढासळलेलं.

दुसरं, इंजिन बंद केल्यावर काटा किती टिकतो. पाच मिनिटांत थोडा उतरला तर चालतं. सेकंदांत शून्यावर आला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. अशा गाडीला सकाळी दोन-तीनदा चावी ऑन-ऑफ केल्याशिवाय सेल लागत नाही. तुमची एका सेलला चालू होते, म्हणजे ती बाजू बहुतेक ठीक. आणि नळी चिमट्याने दाबून बघायची जुनी युक्ती एफआयच्या नायलॉन नळीवर करू नका, तिला चीर जाते.

तिसरं, मला सगळ्यात आवडणारं. गरम गाडीवर काटा घसरलेला असताना पंपाला थेट बॅटरीवरून करंट द्या, मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज घालून. चावी बंद, पंपाचा कपलर काढलेला, पंपाच्या बाजूच्या पिनांना आधी वायर जोडायची आणि शेवटचा जोड बॅटरीजवळ करायचा, म्हणजे ठिणगी पडली तरी टाकीपासून लांब पडते. काटा झटकन वर आला तर पंप चांगला आहे, वायरिंग चोर आहे. नाही आला तर मॉड्यूल बाहेर काढायची वेळ झाली.

म्हापसा_ते_मोले

एक शंका. गेज नसेल तर नळी बाटलीत सोडून दहा सेकंदांत किती मिली पेट्रोल येतं ते मोजतात ना? ते चालेल का?

दहाबाराचा_पाना

एकट्या त्याच्यावर विसंबू नका. गणित करून बघा. दीडशे सीसीचं इंजिन पूर्ण ताकदीला १० किलोवॅटच्या आसपास देतं. तेवढ्याला तासाला साधारण चार लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे दहा सेकंदांना जेमतेम ११-१२ मिली. धड पंप मोकळ्या नळीतून याच्या कितीतरी पट टाकतो. अर्धमेला पंपसुद्धा मोकळ्या बाटलीत भरपूर धार सोडेल, कारण समोर अडवणारं कोणी नाही. त्याची खरी परीक्षा तीन किलोच्या विरुद्ध ढकलताना होते. ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिलीचा आकडा दिलाय तिथे तो जरूर मोजा, पण धार जाड आहे म्हणून पंप पास करू नका. धार तुटक, बुडबुड्यांची आली तर मात्र ती खूण पक्की: पंप हवा ओढतोय.

साखळीकर१५०

सगळ्यांचे आभार. काल मोजलं.

झाकण उघडून फरक नाही, "स्सू" पण नाही. थंड असताना बॅटरी १३.९, पंपावर १२.८. घाट चढून दचके सुरू झाल्यावर लगेच थांबून ३,००० आरपीएमला: बॅटरी १३.९, पंपावर १०.६. प्लसची बाजू ०.३. मायनसची बाजू ३.०. पंपाचा आवाज थंडपेक्षा स्पष्ट बारीक होता.

कपलर उघडला. पंपाच्या मायनसची पिन हिरवी आणि मुळाशी काळी, आजूबाजूचं प्लास्टिक थोडं पिवळं पडलंय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घासू का?

वास्को_वायरमन

सापडला. ०.३ अधिक ३.० अधिक १०.६, बरोबर १३.९. हिशेब जुळला की मोजमाप खरं.

घासून महिनाभर चालेल, पुढे नाही. काळी पडलेली पिन म्हणजे ती तापून तिचा स्प्रिंगसारखा दाब गेलेला आहे. वरचा गंज काढला तरी पकड येत नाही. त्याच मापाची नवी मादी पिन आणा, जुनी पिन बारीक पिनने लॉक दाबून मागून काढा. वायर सोला, आतली तांब्याची तार काळी असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. लांबी कमी पडली तर त्याच जाडीचा तुकडा जोडा. पिन दाबून घट्ट बसवा. नुसतं सोल्डर करू नका, थरथरीने सोल्डरच्या कडेला तार तुटते. समोरची नर पिन टाकीच्या प्लेटमध्ये पक्की असते, ती पितळी ब्रशने हलक्या हाताने साफ करा. शेवटी सीलवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. पिनांवर थापू नका, पाणी अडवणं हे त्याचं काम आहे.

त्याच मायनसची तार पुढे चॅसीला जिथे बोल्टने बसते तो अर्थही सोडून बघा. वायसरखाली रंग किंवा गंज असेल तर पॉलिश पेपरने धातू उघडा करा, घट्ट करा, वरून ग्रीस. सोबत एकदा बॅटरीची मायनस पण.

लाल_माती

साखळीकर, वायर झाली की थांबू नका. जुलैत सुरू झालेला त्रास आणि डिचोली-साखळीचा पट्टा म्हटल्यावर पेट्रोलचा नमुना काढल्याशिवाय मी कुणालाच सोडत नाही.

टाकीच्या झाकणाभोवती जी खोलगट गोल जागा असते, तिथलं पावसाचं पाणी जायला एक बारीक भोक असतं आणि त्याची नळी टाकीतून खाली जमिनीकडे जाते. ती तुंबली की झाकणाभोवती तळं साचतं आणि झाकण उघडल्याबरोबर ते सरळ टाकीत. पेट्रोल पंपावर भर पावसात झाकण उघडताना लक्ष देऊन बघा, पाणी साचलेलं दिसलं तर आधी फडक्याने टिपून मग उघडा.

पूर्वी टाकीत चमचाभर पाणी गेलं तर ते तळाशी पडून राहायचं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, म्हणून थोडं पाणी जळून निघून जातं आणि कळतही नाही. पण धरायची मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि त्यांचा थर तळाशी बसतो. पंपाचं तोंड नेमकं तळाशी. चढणीवर पेट्रोल मागे सरकतं तेव्हा पंप नेमकं काय ओढेल ते टाकीच्या आकारावर ठरतं, म्हणून असा त्रास घाटात जास्त दिसतो.

नमुना असा काढा. गाडी रात्रभर मेन स्टँडवर ठेवा. साइड स्टँडवर असली तर तळ डावीकडे सरकतो. सकाळी न हलवता पारदर्शक नळी टाकीच्या सर्वात खोल जागी सोडून हातपंपाने २०० मिली काचेच्या बाटलीत घ्या, तोंडाने ओढू नका. अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर किंवा गढूळपणा दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरून ताजं पेट्रोल ओतून तो थर पुन्हा मिसळेल अशी आशा ठेवू नका.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते बघायचं असेल तर १०० मिलीच्या मापाच्या नळकांड्यात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. ई२० असेल तर खालचा थर १० चा वाढून सुमारे २८ मिलीपर्यंत जातो. ही गंमत म्हणून ठीक, तुमच्या दोषाशी तिचा संबंध नाही.

साखळीकर१५०

नवी पिन घातली, अर्थ साफ केला. आता गरम गाडीवर बॅटरी १३.९, पंपावर १३.४. घाटात फरक मोठा आहे, बंद पडत नाही, दचके जवळजवळ गेले. पण चोर्ल्याच्या शेवटच्या वळणांवर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण मूठ दिली की अजून किंचित सपाट वाटते.

आणि लाल माती, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी १५ मिलीच्या आसपास वेगळा थर, खाली तपकिरी गाळ. झाकणाजवळच्या भोकात पाणी घातलं तर जागेवरच उभं राहिलं.

गेज मागून आणलं. थंड असताना २.९५ किलो, गरम आयडलला २.८, थेट बॅटरीवरूनही २.८. आता मॉड्यूल काढायचं ना?

दहाबाराचा_पाना

हो. थेट बॅटरीवरही २.८ म्हणजे करंटचं प्रकरण मिटलं. आयडलला पंपाला फारसं काम नसतं, तिथेच थोडा घसरतोय म्हणजे पूर्ण मुठीत आणखी घसरणार. तळाशी गाळ आहे म्हटल्यावर पहिला संशय जाळीवर.

टाकी काढा, रिकामी करा, उलटी करून जाड गोधडीवर ठेवा. प्लेटचे बोल्ट एकदम एक न सोडता आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सोडा. मॉड्यूल तिरपं करून हळू काढा, तरंगाची दांडी वाकली तर पेट्रोल गेज कायमचं खोटं बोलेल. पंपाच्या तोंडाला कापडी पिशवीसारखी जाळी असते. ती तपकिरी, चिकट असेल तर बदला. धुऊन, हवा मारून वापरू नका, हवेने कण कापडात आणखी आत बसतात. काही कंपन्या सुटी जाळी देत नाहीत, फक्त अख्खं मॉड्यूल देतात. मग पार्टच्या दुकानात जुनी जाळी नेऊन तोंडाचा व्यास आणि बाहेर पडायचा कोन जुळवून घ्या, कोन चुकला तर जाळी तळाला टेकत नाही आणि रिझर्व्हमध्ये गाडी हवा ओढते. आतला छोटा होजही बघा, इथेनॉलने फुगलेला किंवा क्लिपशी चिरलेला असेल तर तोही बदला. नवा घेताना पेट्रोलमध्ये बुडून चालणारा एफआयचाच घ्या. साधा कार्बोरेटरचा होज बाहेरून पेट्रोल लागून फुगतो.

टाकी आतून टॉर्चने बघा. तळाला गंजाचे ठिपके असतील तर चुंबकाने कण किती येतात ते बघा. थोडेच असतील तर ताज्या पेट्रोलने दोन-तीनदा विसळून पुरे.

पाणी जायच्या नळीत गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घाला. तार घालू नका, नळी फाटते. खालचं टोक इंजिनमागे चिखल उडतो तिथे येत असेल तर दोन इंच बाजूला वळवून क्लिप लावा.

काढलेलं पेट्रोल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका. वरचं स्वच्छ पेट्रोल पार्ट-साखळी धुवायला गॅरेजवाले घेतात, खालचा थर त्यांच्या टाकाऊ तेलाच्या पिंपात.

साखळीकर१५०

झालं. जाळी पूर्ण तपकिरी, तळाशी मातीचा लेप. होज ठीक होता. नवी जाळी बसवली, आता थंड २.९५, गरम २.९५. उद्या घाटात बघतो.

एकच अडचण: प्लेटचं रबरी गॅस्केट काढल्यावर फुगून मोठं झालंय, खाचेत बसतच नाही, एका बाजूला दाबलं की दुसरीकडून बाहेर येतं. आज रविवार, दुकान बंद. सिलिकॉन लावून बसवू का?

लाल_माती

सिलिकॉन मुळीच नको. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून मऊ पडतं, धागे सुटतात आणि तेच नव्या जाळीत अडकतात. गॅस्केट पेट्रोल पिऊन फुगलंय. उघड्या हवेत, सावलीत रात्रभर ठेवा, पेट्रोल उडालं की बरंचसं मापावर येतं. तरी ते फक्त तात्पुरतं. सोमवारी नवं आणा, खाच कोरडी पुसून बसवा, बोल्ट चांदणीसारखे समोरासमोर कसा, मॅन्युअलमधल्या टॉर्कला. टाकी अर्धी भरून चावी चार-पाचदा ऑन-ऑफ करा आणि प्लेटच्या कडेने टिश्यू पेपर फिरवा. कुठे ओला झाला तर पुन्हा उघडा, बोल्ट आणखी कसून गळती थांबवू नका, प्लेट प्लास्टिकची आहे.